कवीचं नाव माहीत असलं की ते लोकगीत राहत नाही का?

पाचपावली

मंडळी, गेल्या आठवड्यात नागपूर शहरातल्या एका लोकगीत स्पर्धेत आमच्या वस्तीतल्या बायांचा गट बाद झाला. सुरात कमी पडल्या असत्या तर मी काही बोललो नसतो. त्यांनी आंबेडकरी कवी वामनदादा कर्डकांचं गीत म्हटलं आणि परीक्षकांनी माईकवरून सांगितलं, की कवी ठाऊक आहे तेव्हा हे लोकगीत नव्हे, समूहगीतात नाव द्यायला हवं होतं. मी त्यांच्यासोबत ढोलकीला बसलो होतो.

या बायांनी ते गीत कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. जी मुख्य गाते तिने आईच्या तोंडून ऐकलं, आईने भीमजयंतीच्या रात्री गल्लीतल्या कार्यक्रमात. चाल कुठल्याच कॅसेटची नाही. कडव्यांचा क्रम उलटापालटा झालाय. मध्ये दोन ओळी अशा आहेत ज्या वामनदादांनी लिहिलेल्याच नाहीत. त्या पाण्याच्या रांगेवर आहेत आणि कोणी घातल्या हे वस्तीत कोणालाच सांगता येत नाही. शेवटी 'वामन' हे नाव आलं की सगळ्या जणी आवाज चढवतात आणि ती ओळ दोनदा घेतात.

आता मला सांगा, नाव माहीत असणं हीच अडचण असेल तर मराठी लोकसंगीतात उरतं काय? अफझलखानाच्या वधावरचा पोवाडा अज्ञानदासाचा. प्रसंग १६५९ चा आणि शाहिराचं नाव पोवाड्यातच आहे. भारुडं एकनाथांची (१५३३ ते १५९९). लावण्या रामजोशींच्या, होनाजी बाळाच्या, प्रभाकराच्या. त्याच स्पर्धेत एका गटाने भारूड म्हटलं आणि त्यांना बक्षीस मिळालं. मिळायलाच हवं होतं, छान म्हटलं त्यांनी. पण एकनाथ चालतात आणि २००४ साली गेलेले वामनदादा चालत नाहीत, हा फरक नावाचा नाही, वयाचा आहे. तसं असेल तर नियमात लिहा की गीत किती वर्षं जुनं हवं.

शुद्धगंधार

पाचपावली, तुमच्या गटाला जे ऐकावं लागलं ते माईकवरून सांगायला नको होतं, हे आधी म्हणतो. पण मुद्द्यावर मी परीक्षकांच्या बाजूचा आहे.

वामनदादा हे जाणूनबुजून लिहिणारे कवी. वृत्त सांभाळून, एक विचार लोकांपर्यंत न्यायचा या निश्चयाने लिहिलेलं ते काव्य. त्यांना लोकगीतात टाकलं की काय होतं सांगतो. आज एखादी ध्वनिफीत निघते तेव्हा श्रेयनामावलीत 'पारंपरिक' असा एक शब्द टाकला की काम झालं. कोणाला विचारायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. आपल्या कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ संपेपर्यंत. आपणच 'हे लोकांचं आहे' असं म्हणत सुटलो तर उद्या त्यांचं नाव पुसायला आपणच फडकं दिल्यासारखं होईल.

दुसरं, कुंपण नसलेल्या शेतात काहीही शिरतं. आज भीमगीत, उद्या सिनेमातलं गाणं, परवा वरातीतलं धुमाल पथक.

वैनगंगाकाठ

धुमालवर मागून येतो, गंधार काका. पयले दंडारीचं आयका, म्हणजे आमच्या गावच्या नाच-गाण्याच्या नाट्याचं.

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली का दंडार. मंडईची जत्रा, बैलायचा शंकरपट, रात्री दंडार नाहीतर नाटक. नाटकायची सारी बुकिंग वडसा देसाईगंजात होते. माह्या आज्याच्या काळी दंडारीत पेटी नव्हती म्हणतात. मंग पेटी आली. आता कीबोर्ड आला तर शहरातले लोक येऊन सांगून राह्यले का हे शुद्ध नाई.

पेटी कुठली हो? युरोपातली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली होती, का तर हे भारतीय वाद्य नव्हे. आज तीच पेटी लोकसंगीताच्या मंचावर गादीवर बसते आणि बाजूचा कीबोर्ड खाली उतरवा म्हणते. गावात वाजोणाऱ्याले याच्यातलं काई माहीत नसते. त्याले स्वर पायजे, तो दूरवर पोचला पायजे, आणि वाद्य पावसात खराब नाई झालं पायजे.

जुनीपानं

परिभाषेचा वाद जगभर झालेला आहे, तो इथे उपयोगी पडेल. सेसिल शार्प यांनी १९०७ मध्ये इंग्लंडच्या खेड्यांतली गाणी गोळा करताना तीन कसोट्या मांडल्या: परंपरेत सातत्य हवं, गाताना बदल व्हायला हवा, आणि त्या बदलांतून काय टिकवायचं हे समाजाने निवडलेलं असावं. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ च्या साओ पाउलो अधिवेशनात याच तीन कसोट्या स्वीकारल्या. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, की एका व्यक्तीने रचलेलं गाणंही पुढे समाजाच्या अलिखित, जिवंत परंपरेत मुरलं तर ते लोकसंगीत धरावं. उलट तयार गाणं जसंच्या तसं उचललं आणि लोकांनी त्याला नवं रूप दिलंच नाही, तर ते लोकसंगीत नव्हे.

म्हणजे त्या परीक्षकांची कसोटी ७० वर्षांपूर्वीच मागे पडलेली आहे. पाचपावलींनी वर जे सांगितलं, चाल बदलली, कडवी हलली, दोन ओळी आल्या, ते तिन्ही कसोट्यांवर उतरतं. मात्र तेच गीत एखाद्याने संग्रहातून पाठ करून, रेकॉर्डवरच्या चालीत म्हटलं असतं, तर ते या व्याख्येत बसलं नसतं. गीत एकच, पण एकीकडे लोकसंगीत आणि दुसरीकडे नाही. मला हे फार पटतं.

पुढे याच परिषदेने १९८१ मध्ये आपल्या नावातून 'लोक' काढून 'पारंपरिक' घेतलं, इतका हा शब्द त्यांनाही जड झाला होता.

शुद्धगंधार

जुनीपानं, आभार. पण स्पर्धेच्या परीक्षकाने हे तपासायचं कसं? सहा मिनिटं मिळतात. त्यात हा बदल परंपरेत झाला की परवाच्या तालमीत, हे कसं कळणार?

पाचपावली

विचारून कळेल, काका. कोणाकडून शिकलात, कुठे म्हणता, इतकंच विचारायचं. आमच्या बायांना कोणी विचारलंच नाही.

आणि नाव पुसलं जाण्याबद्दल. तुमची काळजी खरी आहे, मला ती मान्य आहे. पण नाव पुसतात ते रेकॉर्ड काढणारे. वस्तीतल्या बाया ते दोनदा घेतात असं मी वर लिहिलंच आहे. नाममुद्रा, म्हणजे कवीचं नाव, शेवटच्या कडव्यात असते ती याचसाठी. अख्खं गाणं बदलेल पण ती ओळ कोणी गाळत नाही.

खंजिरी

वाचत होतो, आता लिहावंसं वाटलं. विदर्भात बसून हा वाद चाललाय आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव अजून आलं नाही! यावलीत १९०९ ला जन्म, मोझरीत गुरुकुंज, १९६८ ला निर्वाण. काल-परवाचेच. त्यांची भजनं गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत खंजिरीवर म्हणतात. आमच्या गावात जो माणूस भजन धरतो त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण शंभरेक भजनं तोंडपाठ. तो मधेच ठेका दुप्पट करतो आणि बाकीचे न सांगता त्याच्या मागे जातात, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

तरीही मी त्याला लोकगीत म्हणणार नाही. माझं कारण परीक्षकांचं नाही. भजन म्हणताना आम्ही ते गाणं म्हणून म्हणत नाही. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताचे प्रकार केले त्यात लोकसंगीत वेगळं आणि भक्तिसंगीत वेगळं ठेवलंय: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. मला ते बरोबर वाटतं. सामुदायिक प्रार्थनेला बसलेल्या माणसाला तुम्ही 'लोककलावंत' म्हणालात तर त्याला ते आवडणार नाही.

जात्यावरची

मग खंजिरीदादा, जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठल येतो त्या कुठे ठेवायच्या? दळता दळता बाई विठ्ठलाला भाऊ म्हणते, पुढच्या ओवीत सासूचं गाऱ्हाणं, त्याच्या पुढच्या ओवीत लेकीचं बाळंतपण. तिला कप्पे नसतात.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या किती आहेत पाहा. जातं जुनं, ओवीचा घाट शेकडो वर्षांचा आणि विषय विसाव्या शतकातला. ज्यांना लोकसंगीत म्हणजे कधी काळचं तरी हवं असतं त्यांनी त्या ऐकाव्यात.

माझी कसोटी मात्र तुम्हा सगळ्यांपेक्षा कडक आहे. माझ्या लेखी लोकसंगीताला प्रेक्षक नसतो. भुलाबाईची गाणी घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघरी जायच्या, भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, मग खाऊ ओळखायचा. तिथे बघणारं कोणी नव्हतं, जी आली ती गाणारच. गाण्यातल्या नणंदेच्या जागी खऱ्या नणंदेचं नाव घालायचो आम्ही. आता महिला मंडळांत भुलाबाईच्या स्पर्धा असतात: एकसारख्या नऊवारी, पुढे रेकॉर्डिंग, पोरी खुर्च्यांवर आणि आया मंचावर. गाणी तीच आहेत, शब्दही चुकत नाहीत. आणि शब्द चुकत नाहीत म्हणूनच मला ते मेलेलं वाटतं.

धंतोली_वाचक

+१ शेवटच्या वाक्याला.

मांदरी

जात्यावरची ताई, तुमची कसोटी लावली तर परधान बाहेर जातील. परधान हे आम्हा गोंडांचे गाथाकार. बाना हे तंतुवाद्य घेऊन यजमानाच्या घरी येतात, आमच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात आणि त्याचं दान घेतात. गाणारे ते, ऐकणारे आम्ही. त्यांच्याशिवाय आमचा इतिहास कोणाकडे नाही. वासुदेव, गोंधळी, किंगरीवाले नाथजोगी, सगळेच तुमच्या व्याख्येत अडकतील. लोकसंगीतात गाणं हा ज्यांचा पिढीजात धंदा आहे तेही आहेत आणि जे फक्त आपल्या अंगणात गातात तेही.

आता माझं म्हणणं. खंजिरीदादांनी रानड्यांची यादी दिली, त्यात पहिला शब्द 'आदिम' आहे. विद्वानांच्या लेखी ते फक्त शास्त्रीय वर्गीकरण असेल, पण मी गडचिरोलीतून शिकायला नागपुरात आलो तेव्हापासून तो शब्द माझ्या अंगावर येतो. मराठी माणसाच्या जात्यावरच्या ओव्या लोकसंगीत आणि आमचा रेला, म्हणजे गाणं आणि नाच एकत्र, तो आदिम, हे कशावरून? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते. ज्या नागपुरात बसून आपण लिहितोय ते वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने. तरी आमचं नाव मंचावर पुकारतात ते 'आदिवासी लोकनृत्य' म्हणून.

रेला रात्रभर चालतो. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उत्तर देते, हातात हात असतात आणि पाय थांबत नाहीत. ओळी तिथल्या तिथे जुळतात, कोण कोणाला बघतंय तेही त्यात येतं. मंचावर आम्हाला पाच मिनिटं देतात. पाच मिनिटांत सवाल पडत नाही की जवाब येत नाही. म्हणून शहरात लोकांना फक्त पावलं आणि पिसं दिसतात, गाणं ऐकूच येत नाही.

जात्यावरची

मांदरी, परधानांचा मुद्दा मला बिनतोड वाटला. माझी कसोटी मी बायांच्या गाण्यांपुरती ठेवते, तिथून मात्र हलणार नाही.

उमरेडरोड

पोळ्याच्या झडत्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तोरणाखाली बैल उभे असतात, तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर. जुन्या झडत्या आहेतच, पण दरवर्षी नवीन होतात. कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, लोडशेडिंग, निवडणूक. कोणी केली हे अख्ख्या गावाला माहीत असतं, तो तिथेच धोतराचा सोगा धरून उभा असतो. दोन वर्षांनी तीच झडती शेजारच्या गावात ऐकू येते, तिथे कर्त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. मग माझ्या गावात ती लोकगीत नाही आणि चार कोसांवर आहे असं म्हणायचं का?

मारबतीच्या दिवशीही तेच. मिरवणुकीतले पुतळे, पिवळी आणि काळी मारबत, दरवर्षीच्याच, पण बडग्ये नावाचे पुतळे दरवर्षी नवे आणि त्यांच्यापुढच्या आरोळ्याही नव्या. इडापिडा, रोगराई यांच्या रांगेत महागाई कधी येऊन बसली ते कोणी नोंदवून ठेवलेलं नाही.

शुद्धगंधार

उमरेडरोड, हे उदाहरण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं वाटलं. नावाची अट मी सोडतो. नाव माहीत असूनही गीत लोकांचं होऊ शकतं, हे मान्य.

पण मग कुंपण कुठे घालायचं ते सांगा. हा नुसता चर्चेचा विषय नाही. वृद्ध कलावंतांचं मानधन असो की कार्यक्रमांची निवड, अर्जात कलाप्रकाराचा रकाना असतोच. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. अशा ठिकाणी निवड करणाऱ्याला काही ना काही ठरवावंच लागतं. व्याख्या सैल केली की शहरातला तयारीचा गट, ज्याला अर्ज भरता येतो, ज्याच्याकडे फोटो आणि कात्रणं आहेत, तो पुढे जातो. आणि गावातला खडी गंमत (विदर्भातला तमाशा) करणारा शाहीर मागे राहतो, ज्याच्याकडे तुणतुण्याशिवाय पुरावा नाही. मी कडक व्याख्या मागतो ती त्याच्यासाठी.

वैनगंगाकाठ

काका, त्याच्यासाठी मागता हे समजलं, पण कडक व्याख्येनं तोच मरते. आमच्याकडच्या एका खडी गंमतवाल्या बुवाले विचारलं होतं का तुमची परंपरा किती पिढ्यांची, लेखी द्या. तो कुठून देईल? लेखी ज्याच्यापाशी आहे तो शहरातलाच. अर्ज पाहून ठरवू नका, रातच्याले गावात येऊन बसा, आणि तो गाऊन राह्यला तर लोकं काय करतात ते पाहा. अर्धे लोक त्याच्या आधी ओळ म्हणत असतील तर झालं, अजून काय पुरावा पायजे?

शुद्धगंधार

हे मात्र खरं आहे. निवड करणाऱ्याने जागेवर जावं, याला माझं पूर्ण अनुमोदन.

पाचपावली

आता धुमाल. काकांनी पहिल्या प्रतिसादात ते वाईट उदाहरण म्हणून दिलं होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: गाडीवर स्पीकर आणि जनरेटर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सोबत ढोल-ताशे. लग्नाची वरात, गणपती, देवी, जयंती, सगळीकडे. याच्या बाजूलाच संदल. ताजबागेत बाबा ताजुद्दीन (१८६१ ते १९२५) यांच्या उरुसाला चंदन मिरवत नेतात, त्या मिरवणुकीचं नाव आज त्या वाजवण्यालाच पडलंय. आता संदलवाल्यांची सुपारी हिंदूच्या लग्नालाही असते आणि बौद्धांच्या मिरवणुकीलाही. दर्ग्याचा ठेका तीन धर्मांच्या वरातीत गेला आणि कोणी ठराव केला नव्हता.

धुमालमधली पोरं सिनेमाची गाणी वाजवतात हे खरं. पण जवळ उभं राहून ऐका. मुखडा सिनेमाचा असतो, आठ-दहा आवर्तनांनंतर तो सुटतो आणि पुढे नुसता ठेका राहतो. ताशेवाला नाचणाऱ्यांच्या पायाकडे बघून तोड, म्हणजे ठेक्यातला वेगळा तुकडा, घेतो. ती तोड तो उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो, लिहून नाही, स्वरलिपी नाही. सातत्य, बदल, निवड, तिन्ही आहे.

शुद्धगंधार

संदलचं मला मान्य आहे. त्यामागे स्थान आहे, विधी आहे, पिढ्या आहेत. धुमालचं नाही. जुनीपानं यांनी दिलेली व्याख्या पुन्हा वाचा: तयार गाणं उचलून जसंच्या तसं राहिलं तर ते लोकसंगीत नाही. मुखडा उचललेलाच आहे. आणि आवाज! त्या स्पीकरच्या भिंतीपुढे ढोलकी, खंजिरी, किंगरी यांना तोंड उघडता येत नाही. आमच्या गल्लीत गणपतीला भजनी मंडळ बसायचं, आता बसत नाही कारण एकमेकांचं ऐकू येत नाही. जे दुसऱ्या लोकसंगीताचा गळा दाबतं त्याला त्याच घरात जागा द्यायला मी तयार नाही.

खंजिरी

इथे मी काकांबरोबर. आमच्या गावातही हेच झालं.

मांदरी

आवाज मोठा आहे हे खरं, पण त्यावरून ते लोकसंगीत नाही हे सिद्ध होत नाही. आवाजाच्या मर्यादेसाठी कायदा आहे, तो लावा. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर ज्यांचा आवाज आपल्याला आवडत नाही ते सगळे 'लोक' नसलेले ठरतील. आमच्या ढोलाबद्दल वसतिगृहाच्या शेजाऱ्यांनी हेच म्हटलं होतं.

जुनीपानं

शार्प यांच्याच पद्धतीने तपासू या. एकाच पथकाचं वाजवणं दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी ध्वनिमुद्रित करायचं. सिनेमाचं गाणं लोकांच्या लक्षातून गेल्यावरही त्यांनी त्यात घातलेली तोड राहते का, दुसऱ्या पथकाकडे जाते का, हे पाहायचं. राहत असेल तर निवड झाली. मिरवणुकीत स्पीकरपासून दूर, ताशेवाल्याच्या बाजूने रेकॉर्ड करावं लागेल, नाहीतर फक्त कीबोर्ड येईल.

पाचपावली

दोन ताशेवाले माझ्या ओळखीचे आहेत, दोघांचा उस्ताद एकच आणि पथकं वेगळी. विचारून ठेवतो. शुद्धगंधार काका, तुम्ही याल का? तोडी कुठल्या मात्रेला सुरू होतात ते लिहून घ्यायला कान तयार असलेला माणूस लागेल.

शुद्धगंधार

येईन. तोड लिहून घेईन, मत माझं तेच राहिलं तरी. तालीम घेतात तिथे न्या, मिरवणुकीत नको.